राहीबाईमागून चाललेलं घर

राहीबाईला कुणाकडे काही मागायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. मीठ संपलं तर अळणी जेवेल, पण वाटी घेऊन शेजारी जाणार नाही. तिचा नवरा भगवंत तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर, माझ्याच टोळीत. दोघं अकोले तालुक्यातल्या डोंगरातून आलेली. सरावलीला त्यांची गवताच्या छपराची झोपडी होती, तीही सगळ्यांपासून लांब. "मपलं मपण पाहू," म्हणजे आपलं आपण बघून घेऊ, हे बाईचं ठरलेलं वाक्य.

सहासष्ट सालच्या माघात नव्या रस्त्याची आखणी नेमकी तिच्या चुलीवरून गेली. सोमवारच्या आत झोपडी हलवा, नाहीतर पाडू, असं मुकादम सांगून गेला. भगवंत तापानं फणफणलेला. रविवारी सकाळी राहीबाईनं एकटीनंच खांब उकरायला घेतले. एक खांब सुटला आणि छप्पर तिच्या डोक्यावर टेकलं. ते तसंच तोलून उभी राहिली, पण हाक काही मारीना. काय म्हणावं या बाईला!

जवळच्या वारली पाड्यावरची ठमी वाटेनं चालली होती. तिनं पाहिलं आणि सरळ जाऊन पाड्यावरची माणसं घेऊन आली. आमची टोळी रिकामीच होती, आम्हीही धावलो. छप्पर सुटं करायचं नाही, अख्खंच उचलून ओढ्यापलीकडच्या टेकाडावर न्यायचं ठरलं. जागा राहीबाईनं निवडलेली, म्हणजे अर्थात सगळ्यांपासून लांब. ठमीनं तिच्या हातात विस्तवाचं खापर दिलं.

"बाय, तू चुलीचा इस्तव घेऊन फुडं चाल. घर तुज्या मागून येल."

एवढं सांगून ठमी तान्ह्याला पाजायला घरी गेली. आम्ही तीस जण छपराखाली शिरलो. वाकल्या मानेनं राहीबाईच्या टाचांखेरीज काही दिसेना. माझ्या नाकात गवताची काडी शिरली, मी शिंकलो, मागचे हसले, आणि छप्पर गदागदा हलू लागलं.

अर्ध्या वाटेत राहीबाईच्या ध्यानात आलं की इतक्या माणसांना जेवू घालायचंय आणि घरात नागलीचं पीठ आहे ओंजळभर. टाचा थांबल्या, आम्ही थांबलो. टाचा वळल्या, आम्ही वळलो. बाई जन्मात पहिल्यांदा मागायला निघाली होती, ठमीच्या अंगणाकडे, आणि तिच्या मागून साठ पायांचं घर बांध ओलांडत पळत होतं. मागं उघड्यावर राहिलेल्या बाजेवरून भगवंत ओरडत होता, "आगं, घर कुठं नेतीस?" तिला कुठलं ऐकू यायला.

ठमी दारात उभी. राहीबाईनं एका हातानं पदर पुढं केला. ठमीनं तिच्या मागे पाहिलं.

"मागाया आलीस, तं घर बी संगतीच आनलंस?"

झालं. हसता हसता आमचे गुडघे वाकले आणि छप्पर तिथंच बसलं, ठमीच्या झोपडीला खेटून. आता ते पुन्हा उचलायची कुणात ताकद नव्हती.

राहीबाई वळली, घराकडे बघितलं आणि हसायला लागली. हसता हसता रडली.

"ठमे," ती म्हणाली, "पायलीभर तांदूळ दे." मग घराकडे बोट दाखवून म्हणाली, "आन् ही जागा बी दे."

"जागा काय द्याची? बसलीस नं आता? हंडा घे, पानी आनू."

सोमवारी मुकादम आला तेव्हा आखणीवर नुसते खड्डे होते. राहीबाई ठमीच्या ओट्यावर बसून तिच्याकडून केस विंचरून घेत होती. तेही तिनं स्वतःच मागितलं होतं.