वरून तीन ठोके

विल्फ पिलिंग टीव्हीत कामाला होता, पण त्याचं तोंड कधी कुणाला दिसलं नाही. आमच्या बोल्टनहून बसने तो मँचेस्टरच्या स्टुडिओत जाई, खुर्च्या-टेबलं हलवी आणि एका विनोदी मालिकेत शिडीवर चढून झाडूच्या दांड्याने फळीवर तीन ठोके मारी. मालिकेतल्या फुगीर दुकानदाराची बायको म्हणजे तेवढे ठोके. तेव्हाच्या मालिकांत अशी एक बायको असायचीच, कधी न दिसणारी आणि नवऱ्याला धाकात ठेवणारी. ठोके पडले की दुकानदार छताकडे बघे, गाल फुगवी, "आलो, राणीसरकार!" म्हणे आणि जागचा हलत नसे. दर आठवड्याला तेच, तरी लोक खो-खो हसत.

शेजारीण म्हणून एकदा त्याने मलाही स्टुडिओतल्या प्रेक्षकांत बसवलं; त्यांचं हसणं टेप करून मालिकेत घालत. घरी येताना म्हणाला, "नेली, तुझं खिंकाळणं टेपवर वेगळं ऐकू येतंय गं!"

"मेल्या, फुकट हसले, वर नावं ठेवतोस?"

त्याची बायको एडा हृदयाच्या दुखण्याने माडीवर पडून असे. विल्फने तिलाही दांडा दिला होता. काही हवं असलं की तीन ठोके. मग हा "आलो, राणीसरकार!" ओरडत जिना चढे आणि एडा वरून हसे. पण जाई हं, लगेच जाई.

चौऱ्याहत्तरचा मार्च. माझं हसणं असलेला भाग लागणार म्हणून संध्याकाळी गल्लीतले पाच-सहाजण विल्फकडे जमलो. टीव्हीत ठोके पडले. दुकानदाराने वर पाहिलं. तेवढ्यात आमच्या डोक्यावरही ठक, ठक, ठक.

"बघा, एडापण खेळात उतरली!" मी म्हणाले. होय, मीच म्हणाले.

विल्फने छताकडे बघून गाल फुगवले, "आलो, राणीसरकार!" म्हणाला आणि खुर्चीतच बसून राहिला. आमची हसून पुरेवाट. वरून आणखी एक ठोका आला, हलकाच. त्यालाही हसलो.

मालिका संपल्यावर तो चहा घेऊन वर गेला. कप फुटल्याचा आवाज आला. एडा पलंगाशेजारी जमिनीवर गार पडली होती, दांडा मुठीतच होता.

विल्फने स्टुडिओ सोडला. मालिकेने मात्र त्याला सोडलं नाही, अजून दुपारी जुने भाग दाखवतात. आता तो पंचाहत्तरीचा आहे, गुडघे गेलेत. तरी टीव्हीसमोर बसतो, शेजारी झाकलेला चहा. ठोके पडले की कप उचलून जिन्याकडे.

काल तोच भाग लागला. मी त्याच्याकडेच होते. ठोके पडले, तो उठला. मला राहवेना.

"बस रे, मर्दा! पडशील. अरे, ते ठोके तूच मारलेयस ना?"

"ठाऊक आहे गं नेली," तो कठड्याला धरून म्हणाला. "त्या दिवशीही मला असंच वाटलं होतं, की ठाऊक आहे."

मी त्याच्या हातातला कप घेतला, दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरला. एक-एक पायरी चढू लागलो. मागे टीव्हीत मी खिंकाळत होते.