रिबेकामावशींबरोबर पाहिलेला सिनेमा

ठाण्यात एका दुपारी फार जुना हिब्रू सिनेमा दाखवणार होते, म्हणून मी शेजारच्या रिबेकामावशींना सोबत नेलं. मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, पण त्यांची हिब्रू प्रार्थनेपुरतीच.

पडद्यावर लग्नं जुळवणारा एक तरुण एका मुलीला स्थळाचा फोटो दाखवत होता. मुलगी फोटोऐवजी त्याच्याकडेच पाहत होती. सगळे हसले, मावशी मात्र हसल्या नाहीत.

बाहेर चहा घेताना त्या म्हणाल्या, "रेवदंड्याला माझ्यासाठी असंच स्थळ घेऊन वडिलांच्या ओळखीचा एक मास्तर आला होता. मुलाबद्दल इतकं मनापासून बोलला, की मी हो म्हटलं. खरं तर बोलणाऱ्यालाच."

"मग?"

"मग त्या मुलाशी लग्न झालं. माणूस चांगला होता गं. संसारही चांगला झाला."

"मास्तरांना कधी सांगितलं नाहीत?"

"कुणालाच नाही. आज तुला सांगतेय."

न कळणाऱ्या भाषेतली एक नजर त्यांना इतक्या वर्षांनी बोलतं करून गेली होती. मावशींनी चहा बशीत ओतला आणि शांतपणे फुंकर घातली.