बाराव्या खुर्चीतले डोळे

रत्नप्रभाबाई मेस्त्रींना तुम्ही ओळखत नसाल, पण नाहूर-भांडुपच्या निम्म्या घरांतले गणपती गेली सत्तावीस वर्षं त्यांच्याच डोळ्यांनी बघतायत. मूर्ती घडवायचे त्यांचे यजमान, नाना. डोळे मात्र बाईंचे. मूर्तीचे डोळे रेखायच्या कामाला आखणी म्हणतात, आणि ते कुणा सोम्यागोम्याचं काम नव्हे. खारीच्या केसांचा ब्रश, रोखलेला श्वास आणि वरची पापणी एका दमात. हात हलला की देव चकणा झालाच म्हणून समजा!

बाई लग्न होऊन कुडाळकडून आल्या तेव्हा सासऱ्यांची गिरणी बंद पडलेली आणि नानांनी पत्र्याच्या शेडमध्ये मूर्तींचं काम सुरू केलेलं. एका वर्षी चतुर्थीला चार दिवस उरले असताना आखणीवाले गृहस्थ काविळीने आडवे झाले. नाना डोक्याला हात लावून बसले. बाईंनी ब्रश उचलला. पहिल्या मूर्तीचे डोळे झाले आणि नानांचे हात आपोआप जोडले गेले. त्यानंतर त्या शेडमध्ये दुसऱ्या कुणी डोळ्यांना हात लावला नाही.

नानांनी त्यांना एकच नियम घातला होता. "देवाचे डोळे उघड गो, पण माणसाचे कधी उघडू नको. देव दहा दिवसांनी जाता. माणूस खंय जातलो?"

हा नियम बाईंनी पाळला. मोडला तो परवाच्या फेब्रुवारीत, एका शनिवारी. त्याचं काय झालं तेच सांगायला बसलोय.

आधी हर्षदचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय या गोष्टीला अर्थ नाही. हर्षद त्यांचा एकुलता एक. आठ वर्षांपूर्वी, ऐन सीझनमध्ये, चतुर्थीला आठवडा असताना त्याने जाहीर केलं की मला मातीत हात घालायचे नाहीत, मी शूटिंगच्या लाइनीत जातोय. नानांनी कानफटात मारली. बाई तीन रात्री जागलेल्या, समोर चाळीस मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या. त्यांच्याही तोंडून निघून गेलं, "जा तर जा! माझ्या डोळ्यांसमोर येव नको परत." पोरगा गेला तो गेलाच. नाना म्हणायचे, येईल झक मारत, पोट आणील त्याला. चौकीत तक्रार लिहायला गेले तोवर दिवाळी उलटली होती. पुढे नानाही गेले, त्यालाही आता तीन वर्षं झाली. बाई मात्र अजून दाराची कडी जेवणं उरकल्याशिवाय लावत नाहीत.

तर त्या शनिवारी नाहूरच्या एका बंद कारखान्यात कलाकारांचा मेळा भरला होता. एरवी तिथे पोरापोरींचे स्टुडिओ, प्रत्येकाचा एकेक गाळा. दोन दिवस सगळे गाळे लोकांना खुले. एका गाळ्यात कापडावर छपाई, दुसऱ्यात कुणी विटांच्या ढिगावर दिवे सोडलेले, जिन्याखाली गिटार, दारात कॉफीची गाडी. ठाण्यापासून अंधेरीपर्यंतची पब्लिक रंगीबेरंगी चष्मे लावून हजर. "झकास आहे यार!" ऐकून ऐकून बाईंचे कान किटले.

त्यांना बोलावलं होतं प्रांजलने. प्रांजल मुलुंडची, वय अठ्ठावीस, केस मुलासारखे कापलेले, पण वागायला गोड. तिने बारा खुर्च्यांवर बारा माणसं बसवली होती. अंगं कापडाची, चिंध्या भरलेली. तोंडं कागदाच्या लगद्याची, पांढरीफटक. दवाखान्याबाहेर नंबर यायची वाट बघत बसावीत तशी ओळीने बसलेली. आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले.

"मिटलेल्या पापण्यांवरच उघडे डोळे रेखायचे, मावशी. अख्ख्या अंगावर रंग म्हणून फक्त तेवढाच. लोक हादरले पाहिजेत."

"ही माणसं आहेत गं. मी माणसांचं करत नाही."

"कागद आहे मावशी, माणसं कुठे? प्लीज ना! तुमच्यासारखा हात मुंबईत दुसऱ्या कुणाचा नाही."

इथेच बाईंनी पिशवी उचलून घरी यायला हवं होतं. पण तीन वर्षं ज्या घरात एकाच कपाचा चहा होतो, त्या घरातल्या बाईला कुणी लाडाने मावशी म्हटलं की ती विरघळते. त्याबद्दल त्यांना बोल लावायची माझी तरी हिंमत नाही.

सकाळी दहाला त्या बसल्या. एकेका चेहऱ्याला पंचवीस मिनिटं. बाहेरच्या गोंगाटाने काही बिघडत नव्हतं, पण आतल्या शांततेने त्या बेचैन झाल्या. मूर्तीचे डोळे झाले की शेडमध्ये एकदम बरं वाटायचं, घरात पाहुणा आल्यासारखं. इथे उलट होत होतं. एकेकाचे डोळे उघडले की पाठीमागून कुणीतरी बघतंय असं वाटायचं. मिटलेल्या पापणीचा फुगवटा तसाच आणि त्यावर टक्क उघडा डोळा! चार झाले तेव्हा बाईंनी खुर्ची फिरवून घेतली. सात झाले तेव्हा पदर डोक्यावरून घेतला.

तीनच्या सुमाराला त्या बाराव्या खुर्चीपाशी आल्या. ब्रश काळ्या रंगात बुडवला, चेहऱ्याजवळ वाकल्या, आणि तिथेच थांबल्या.

डाव्या भुवईत एक खाच होती. हर्षद सात वर्षांचा असताना मूर्तीच्या पाटावर पडला, तेव्हा अशीच खाच पडली होती. पण खाच काय, कुणालाही पडते. बाईंनी ओळखलं ते झोपलेलं तोंड. खालचा ओठ जरासा पुढे, हनुवटी छातीकडे. जागेपणीचा माणूस सगळ्या जगाला ठाऊक असतो, झोपलेला फक्त आईला.

"प्रांजल!" त्यांनी हाक मारली. "हे तोंड कुठून आणलंस?"

"मढच्या किनाऱ्यावरून. लेस्टर अंकल आहेत ना, ते शूटिंगसाठी डमी बनवायचे. कड्यावरून पाडायला, आगीत टाकायला. त्यासाठी ज्युनियर आर्टिस्टच्या तोंडांचे साचे घ्यायचे. आता शेड रिकामी करतायत, मला खोकाभर साचे दिले. का हो?"

"म्हणजे ही जिवंत माणसं?"

"हो मग! जिवंत माणूस तोंडावर प्लास्टर थापून घेतो, म्हणून तर डोळे मिटलेले. उद्या येणारेत अंकल, विचारा तुम्हीच."

बाई खाली बसल्या आणि हसायलाच लागल्या. शूटिंगची लाइन! गेला तो खरंच गेला होता तिकडे. जगला, कामाला लागला, तोंडावर प्लास्टर थापून घेतलं गधड्याने! आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं. प्रांजलचा अर्धा वडापाव त्यांनी तिच्या हातातून घेऊन खाल्ला.

मग त्यांनी हर्षदचे डोळे उघडले. नियम गेला खड्ड्यात! बुबुळात काळ्याबरोबर मधासारखा रंग घातला, कारण त्याचे तसेच होते. उजव्या डोळ्यात कोपऱ्याला बारीकसा तीळ होता, तोही दिला. शेवटी पांढऱ्या रंगाचा थेंब, ज्याने नजर येते. ब्रश उचलला आणि त्याने बघितलं.

"थांब रे राजा," त्या हळूच म्हणाल्या, "उद्या पत्ता काढते तुझा."

बाकी अकरांचा रंग दहा मिनिटांत वाळला होता. याचा संध्याकाळपर्यंत ओलाच राहिला. प्रांजल म्हणाली, हवा दमट आहे. फेब्रुवारीत!

रविवारी बाई कपाटातली हिरवी नारायण पेठ नेसून अकरा वाजताच हजर झाल्या. आत पाऊल टाकलं आणि थबकल्या. खुर्च्या होत्या तिथेच होत्या. पण अकरा जणांची बुबुळं त्यांनी काल मधोमध ठेवली होती, सत्तावीस वर्षांचा हात होता त्यांचा. आता ती कडेला सरकली होती. अकराच्या अकरा जण बाराव्या खुर्चीकडे बघत होते.

"रात्री कुणी हात लावला काय गं यांना?"

"कुलूप होतं मावशी. लाइटचा खेळ असेल." असं म्हणताना प्रांजलने स्वतः एकदाही वर बघितलं नाही.

दुपारी गर्दी उसळली. लोक आत यायचे, फोन काढायचे, आणि आपोआप आवाज खाली यायचा. अकरा जणांबरोबर फोटो झाले. बाराव्या खुर्चीशेजारी कुणी उभं राहीना. एका बाईंनी नाकावरचा चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "याचे डोळे ओले कसे दिसतात? काय इफेक्ट आहे!" त्यांचं लहान पोर मात्र भोकाड पसरून बाहेर पळालं. रत्नप्रभाबाईंनी बोट लावून बघितलं. रंग अजून ओला होता.

तीन वाजता लेस्टर आला. मढचा ख्रिस्ती, सत्तरीचा, पांढरा शर्ट, गळ्यात क्रूस. हसत हसत पहिल्या खुर्चीपासून निघाला. "हा पीटर, रिक्षा चालवतो आता. हा आमचा सलीम, डबल-रोलला असायचा." प्रत्येकाची ओळख देत देत बाराव्यापाशी पोचला. हसू थांबलं. हात कपाळाकडे गेला, छातीकडे गेला.

"याचे डोळे कुणी उघडले?"

"मी," बाई पुढे झाल्या. "माझो झिल तो. हर्षद. कुठे असतो तो? पत्ता द्या."

लेस्टरने खुर्ची ओढली आणि बसला. 

"बाय, हा साचा खोक्यात जायलाच नको होता. माझी चूक. म्हातारा झालो, डोळ्याला दिसत नाही." त्याने क्रूस मुठीत धरला. "आठ वर्षं झाली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीला आमच्या किनाऱ्यावर मूर्ती परत येतात, मोडलेल्या. त्या उचलायला आम्ही गेलो. त्यांच्यात हा होता. लोक म्हणाले, काल लोकांचे गणपती आत खोल नेऊन सोडत होता हा पोरगा, पोहता चांगलं येत होतं. खिशात काही नाही, कागद नाही. पोलीस येईपर्यंत तास होता. मी म्हटलं, बेवारस म्हणून जाळतील याला. उद्या याची आई विचारत आली तर तिला काय दाखवणार? म्हणून शेडमधून प्लास्टर आणलं." त्याने बाईंकडे बघितलं. "कोणी आलं नाही, बाय. मी वाट बघितली."

"खोटं," बाई म्हणाल्या. "जिवंत माणसांचे साचे आहेत हे. ही पोर सांगते."

"जिवंत माणसाच्या नाकात मी दोन नळ्या घालतो. श्वासाला. तिथे साच्यात भोकं राहतात."

"मी पुट्टीने भरली ती," प्रांजल कुजबुजली. "सगळ्यांची भरली. याची... याची होती की नव्हती, मला आठवत नाही मावशी."

बाईंनी ब्रश उलटा धरला. पहिल्या खुर्चीतल्या माणसाच्या नाकपुडीत मागचं टोक दाबलं. पुट्टी फुटली, टोक आत गेलं. दुसऱ्याच्या गेलं. तिसऱ्याच्या गेलं. एकही न सोडता त्या अकराव्यापर्यंत गेल्या, आणि कुणाची त्यांना अडवायची छाती झाली नाही. मग बाराव्यापाशी आल्या. टोक लावलं. ते टक्क करून आपटलं. दुसरी नाकपुडी. टक्क.

गाळ्यात पंधरा-वीस माणसं होती. गिटारसुद्धा थांबली होती. बाई रडल्या नाहीत. हर्षदच्या शर्टाची कॉलर त्यांनी सारखी केली, तो शर्ट प्रांजलने कुठल्या तरी रस्त्यावरच्या ढिगातून आणलेला होता तरी.

"उद्या ही सगळी कुठे जाणार?"

"गोडाऊनला," प्रांजल रडत म्हणाली.

"हा जायचा नाही. डोळे उघडलेत मी त्याचे. आता याला अंधारात कोंडून ठेवता येत नाही." त्यांनी पिशवीतून स्वच्छ पांढरा रुमाल काढला आणि त्याच्या तोंडावर घातला, गणपती कारखान्यातून घरी नेताना घालतात तसा. लेस्टरने कुणी न सांगता त्याचे पाय धरले, प्रांजलने खांदे. रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघितलं आणि घर येईपर्यंत मान वर केली नाही. बाईंच्या गल्लीत दिवेलागण अजून व्हायची होती.

दारात बाईंनी त्याला थांबवलं. भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं, उंबरा ओलांडून आत घेतलं, आपल्या रोजच्या खुर्चीसमोर बसवलं. मग रुमाल काढला.

ओल्या रंगावर रस्ताभर कापड होतं. काळे डाग पडायलाच हवे होते. रुमालावर फक्त पाणी होतं, दोन रुपयांच्या नाण्याएवढं, दोन ठिकाणी. डोळ्यांची एक रेघ विस्कटलेली नव्हती. लेस्टरने तो रुमाल बघितला, क्रुसाला हात लावला आणि प्रांजलला घेऊन हळूच बाहेर पडला.

बाईंनी दाराची कडी लावली. आठ वर्षांत पहिल्यांदा, जेवणाआधी. दोन कप चहा टाकला. त्याच्या पापणीला बोट लावून पाहिलं. रंग खडखडीत वाळला होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"बस रे हयसर," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांसमोर."