लहानूचा हात आणि काळी अ‍ॅम्बेसेडर

नालवाडीच्या लहानूला कोणी विचारलं, की बाबा तू काम काय करतोस, तर तो सांगायचा, "गाड्याईले तूप चोपडतो." तेही थट्टेनंच. खरं काम त्याचं घासायचं. वर्ध्याला बाबारावांच्या गॅरेजात गाडीला रंग मारला, तो वाळला, की गाडी लहानूच्या हाती यायची. ताजा रंग नवा असला तरी मुका असतो. त्यावर कंपाऊंडचा मलम लावून ओल्या फडक्यानं घासत बसायचं, पुसायचं, मग मेण चोळायचं, आणि शेवटी नुसता तळहात फिरवायचा. पांढऱ्या गाडीला हे कसंही चालतं. ती गरीब बिचारी, काही बोलत नाही. काळी मात्र मोठी चहाडखोर. हात जरा गोल फिरला, फडक्यात एखादा कण राहिला, की उन्हात नेल्याबरोबर अंगभर कोळ्याचं जाळं दाखवते. म्हणून काळ्या गाडीवर लहानू हात सरळ ओढायचा, तिफणीच्या तासासारखा, आणि दुसऱ्या कोणाला फडकं लावू द्यायचा नाही.

सगळ्यात जास्त जोर तो लावायचा बॉनेटच्या मधल्या उंच धारेवर. तिथे तळहाताची टाच टेकवायची आणि अंगाचं वजन टाकून घासायचं. ती धार चमकली की अख्खी गाडी उजळते, असं त्याचं म्हणणं. वर्षानुवर्षं तसंच करून हात तिथे आपोआप जड व्हायचा. त्याला सांगावं लागत नसे.

पास-नापास करणं मात्र त्याच्या बायकोकडे, तानाबाईकडे. दुपारी ती भाकर घेऊन यायची, फडक्याची गाठ सोडायच्या आधी बॉनेटवर वाकायची आणि त्यात आपलं तोंड पाहायची.

"अवो, माह्यं नाक वाकडं दिसून राह्यलं."

"नाक तुह्यं वाकडंच हाय. रंगाले काऊन बोलतं?"

"मंग लग्नाच्या येळी डोळे कुठी ठेवलते?"

बाबाराव मोठ्यानं हसायचे. ते मूळचे आंजीचे, घरची शेती भावांवर सोडून गॅरेजात रमलेले. गिऱ्हाइकाला सांगायचे, "तानाबाईनं पास केल्याबिगर गाडी गेटाबाहेर जात नाई. आरटीओ मंग, आधी तानाबाई." लहानूला लेकरूबाळ नव्हतं. एकमेकांची खोडी काढूनच ती दोघं घर भरल्यासारखं ठेवायची.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतर बाबारावांनी नागपूरहून पॉलिशचं मशीन आणलं. विजेवर फिरणारं, पुढे मेंढीच्या लोकरीची गोल गादी. चालू केलं की पिठाच्या चक्कीसारखं गुरगुरायचं. बाबारावांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा लहानूच्या हातावर ठेवत म्हणाले, "पाय लहानू, हे चहा मांगत नाई, बिडी मांगत नाई, अन् तुह्या दोन दिवसाचं काम दोन घंट्यात करते."

"अन् तानाबाईले विचारते का, पास झालं म्हनून?"

"तुले भेव वाटून राह्यलं."

"भेव नाई जी. लोकरीले काय समजते, कुठी किती दाबाव ते?"

पांढऱ्या गाड्यांवर दुसरी माणसं मशीन फिरवू लागली. लहानू आपला कोपऱ्यात पाट टाकून हातानं घासत राहिला. तानाबाई म्हणायची, "शिकून घ्या न. हाताले तेवढाच आराम." तो म्हणायचा, "हाताले आराम देल्ला तं तो उद्या जेवाले बी उठनार नाई."

पुढच्या उन्हाळ्यात तानाबाईच्या पोटात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यात भरती केलं, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. दुखणं ती सोसत होती. धास्ती तिला भूल द्यायची होती. हिंगणघाटची तिची लहान बहीण अन्नपूर्णा सोबतीला आली होती, तिच्यादेखत ती लहानूला म्हणाली, "झोपीत गेली अन् उठलीच नाई, तं मले कसं कळन?"

"मी हाय न. आत नेतीन तवरक तुह्या हात धरून राहीन. त्या दारातून इकडे आली का पुन्हा धरीन."

"खरं?"

"खरं नाई तं का. तुह्या हात सोडून मले कोन पुसते?"

ऑपरेशन दुपारी बाराला ठरलं. आणि त्याच दिवशी वडनेरच्या पुंडलिकरावांच्या मुलाची वरात. त्यांची काळी अ‍ॅम्बेसेडर नव्यानं रंगवून गॅरेजात उभी होती. लग्नाला काळी गाडी कशाला, असं कोणी म्हटलं की पुंडलिकराव म्हणायचे, "काळ्या वावरानं पोसलं आमाले, काळ्या गाडीत बसाले काऊन लाजाव?" संध्याकाळी नवरदेव तिच्यात बसायचा होता. लहानूचे आधीचे दिवस दवाखान्यातच गेले होते, गाडीला हात लागला नव्हता.

बाबाराव म्हणाले, "तू येऊ नोको. मी करून घेतो कोनाकडून."

पण काळी गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची, हे काही लहानूच्या गळी उतरेना. पुंडलिकरावांना शब्दही त्यानंच दिलेला. सकाळी उजाडताच सायकल हाणत तो गॅरेजात आला आणि आल्याआल्या म्हणाला, "आना तुमचं मशीन. दोन घंट्यात होते म्हनता न?"

बाबारावांनी डोळे मोठे केले, पण थट्टा केली नाही. मुकाट्यानं वायर जोडून दिली.

आणि काय सांगावं, मशीन चाललं हो! दारं झाली, मागची डिकी झाली, छत झालं. काळा रंग असा उघडला, की भरल्या विहिरीत डोकवावं. लहानू क्षणभर थांबून स्वतःशीच हसला. एवढ्या वर्षांत आपण उगाच तंडलो की काय, असंही त्याच्या मनात आलं. घड्याळात बराच वेळ होता. तानाबाईला जाऊन सांगू, तुझं ऐकलं म्हणून. ती म्हणेल, उशिरा का होईना अक्कल आली. असं सगळं मनाशी जुळवत त्यानं मशीन बॉनेटवर घेतलं.

मधल्या धारेवर आल्याबरोबर त्याचा हात जड झाला. सवयच ती. तळहाताची टाच दाबली गेली, अंगाचं वजन गेलं. हाताखाली फडकं असतं तर धार चमकली असती. हाताखाली गरगरणारी गादी होती. धारेवर रंगाचा थर मुळातच पातळ बसतो. करपल्याचा वास आला, आणि त्यानं मशीन उचललं तेव्हा खालचं तांबडं अस्तर उघडं पडलं होतं, सोललेल्या गुडघ्यासारखं.

बाबाराव धावत आले. पाहिलं, आणि म्हणाले, "जा तू. मी पायतो."

"रंग तुमी माराल, घासन कोन?"

"कोनी बी घासन! तुही बायको तिकडे वाट पाहून राह्यली."

"येळ हाय अजून. माह्या हातानं फाटलं, मीच शिवून जातो. नवरदेवाच्या डोळ्यासमोर हे तांबडं कसं ठेवाव?"

बाबारावांनी रंगाचे दोन हात मारले. वैशाखाचं ऊन, रंग लवकर वाळेल, दवाखान्यातली कामं काही वेळेवर होत नाहीत, असा सगळा हिशेब लहानूनं स्वतःच्या बाजूनं मांडला. रंग वाळेपर्यंत तो गाडीभोवती फेऱ्या मारत राहिला. मग बसला, आणि हातानं घासू लागला. सरळ, हलकं, जसं तो नेहमी घासायचा. घासता घासता जाळी गेली, डाग गेला, नवं-जुनं ओळखू येईना. काम असं जमलं, की त्यात तो बुडूनच गेला. मान वर केली तेव्हा गॅरेजाच्या पत्र्याची सावली त्याच्या पायाखाली आली होती.

सायकल त्यानं कशी हाणली ते त्यालाच ठाऊक. दवाखान्याच्या व्हरांड्यात अन्नपूर्णा उभी होती.

"भाऊजी, नेलं तिले."

तो त्या बंद दारासमोर खाली बसला. निदान बाहेर येताना तरी धरू, असं म्हणत त्यानं नळावर जाऊन हात पुन्हा पुन्हा धुतले. कंपाऊंडचा वास काही जाईना. ऊन कललं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. गाठ फार पसरली होती, रक्त थांबलं नाही, एवढंच ते बोलले. तानाबाई झोपेतच गेली.

इकडे वरात झोकात निघाली. गाडीच्या काळ्या रंगात दिवे दिसत होते म्हणे, पेट्रोमॅक्सचे, एकेक वेगळा.

बाबारावांनी त्या मशीनवर पोतं टाकून त्याला कोपऱ्यात ढकललं. लहानू कामावर परतला तेव्हा त्यानंच पोतं बाजूला केलं. "त्याचा काय दोष, बाबाराव? ढकललं तिकडे गेलं ते. वजन मी टाकलं."

त्यानंतर तो मशीनवरच काम करू लागला. काळी गाडी आली तरी मशीनवर, आणि धार आली की मशीन उचलून घ्यायचा. लोक म्हणायचे, लहानू आळशी झाला, हातानं घासत नाही.

अन्नपूर्णा अधूनमधून यायची, घर झाडून द्यायची. दरवेळी तो विचारायचा, "जातानी काई म्हनली का तानी?" दरवेळी ती म्हणायची, "काई नाई." वर्ष उलटल्यावर एकदा त्यानं विचारलं, आणि तिनं हातातला झाडू खाली ठेवला.

"नर्सबाईनं ढकलगाडी आनली तिले न्याले. ताईनं फाटकाकडे पाह्यलं. मी म्हनलं, येतच असतीन भाऊजी. तं मले म्हने, 'काळी गाडी हाय न वं, तिले येळ लागते. आले का सांगजो, लय जोरात सायकल नोका हानत जाऊ.'"

लहानूनं तो झाडू उचलून भिंतीला टेकवला. मग म्हणाला, "शिवी नाई देल्ली?"

"नाई."

"एखांदी तं देल्ली असन."

"नाई न भाऊजी."

"मंग हात कोनाचा धरून गेली?"

"माह्या."

"कोन्ता?"

अन्नपूर्णेनं उजवा हात पुढे केला. लहानू त्या हाताकडे पाहत राहिला. धरावासा वाटला त्याला, फार वाटला. पण मेहुणीचा हात कसा धरावा? त्यानं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले आणि म्हणाला, "राहू दे झाडनं. चहा मांड."