टेकायला काहीच नाही

कुवेतमधल्या फिंतासच्या क्लिनिकमध्ये मी एमआरआय काढते, पेशंटशी कामापुरतंच बोलते. तो मालवणकडचा, छतं रंगवणारा. हाताला मुंग्या येतात म्हणून आला होता. त्याला आत न्यायला गेले तेव्हा वेटिंग रूमच्या टीव्हीवर ल्यूजची शर्यत चालू होती. बर्फाच्या उतारावरून खेळाडू छोट्या गाडीवर उताणे, पाय पुढे करून सुसाट येत होते.

"मान बघा त्यांची, ताई," तो म्हणाला. "टेकायला काहीच नाही. वीस वर्षं छताखाली माझीही तशीच. पण ते मिनिटात सुटतात."

तपासणी झाल्यावर त्याने विचारलं, "परत ब्रश धरता येईल ना? मुलीचं नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय."

त्याचा मणका मी स्क्रीनवर पाहिला होता. "डॉक्टर सांगतील," मी म्हणाले.

"म्हणजे नाही."

तो अजून उताणाच होता, डोकं उशीपासून बोटभर वर.

"काका, डोकं टेकवा," एवढंच मला म्हणता आलं.