जपमाळेनंतरची नावं

क्लेमान्सच्या आईची प्रार्थना शेजारणींच्या प्रार्थनेपेक्षा पाव तास लांब असायची. रोश ब्वा वस्तीतल्या त्यांच्या पत्र्याच्या घरात रोज संध्याकाळी जपमाळ संपली, की इतर घरांतून भांड्यांचे आवाज सुरू होत. इथं मात्र पोरांना गुडघ्यांवरच राहावं लागे, कारण आईची नावं सुरू व्हायची. फिलोमेन, आर्सेन, लांगडा तिमोते... एकूण एक्केचाळीस.

"झालं, मेलेल्यांची हजेरी सुरू!" धाकटा आल्सीद कुजबुजायचा. "आज कुणी दांडी मारली का गं?"

आई डोळे न उघडता त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि पुढचं नाव घ्यायची. बाराव्या नावाला थांबून ती पत्र्याच्या मगातून घोटभर पाणी प्यायची, मग पोरांना एकेक घोट द्यायची आणि तेरावं नाव घ्यायची. घसा कोरडा पडत असेल बिचारीचा, असंच सगळ्यांना वाटे.

ही सगळी माणसं दूर समुद्रात, दिएगो गार्सिया बेटावरच्या दफनभूमीत होती. लष्करी तळासाठी बेट रिकामं केलं, तेव्हा क्लेमान्स सहा वर्षांची होती. माणशी एक पेटी देऊन सगळ्यांना बोटीवर चढवलं आणि इकडे रोश ब्वाला आणून सोडलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात तिचा तीन महिन्यांचा भाऊ इलेर तापानं गेला होता. एक्केचाळिसावं नाव त्याचं. त्याला मूठमाती दिली, पण क्रूस करायला सवड कुणाला होती? "माझं लेकरू बिननावाचं निजलंय," हे आईचं शेवटचं बोलणं. त्यालाही आता वीस वर्षं झाली.

म्हणून जुन्या रहिवाशांना एक दिवस बेटावर नेणार होते, त्या भेटीच्या यादीत क्लेमान्सचं नाव लागलं, तेव्हा तिनं आल्सीदला एक क्रूस करायला सांगितलं. त्यानं तापल्या सळईनं त्यावर 'इलेर' असं कोरलं.

"जागा सापडेल का तुला?" त्यानं विचारलं.

"आईनं कबरींच्या ओळीनंच नावं तोंडपाठ करून घेतलीत की."

"मी तर अर्धा वेळ झोपलेलो असायचो," तो म्हणाला आणि क्रूस फडक्यात गुंडाळू लागला.

तळावर टेकडीएवढी विमानं उभी होती. क्लेमान्सनं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. छातीवर 'पाहुणे' असा बिल्ला लावलेल्या सगळ्यांना बसनं पूर्वेच्या टोकाला आणलं. परतायला चार तास होते; रात्री राहायची परवानगी नव्हती. चर्च अजून उभं होतं. त्याच्यामागं दफनभूमी होती. पोवळ्याच्या दगडांनी आखलेले उंचवटे तेवढे उरले होते. क्रूस बहुतेक कुजून गेलेले, आणि नाव एकावरही नाही.

एक तरुण गोरा अधिकारी हातात कागद घेऊन आला. त्याचं बोलणं जॉर्जेतमावशीनं समजावून सांगितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई यादीत सगळ्यांत म्हातारी. धाकट्या लेकाकडे लंडनला राहून इंग्रजी शिकलेली. "म्हणतोय, यांच्याकडे नावं नाहीत. क्रूस कुठंही लाव, चालेल."

"त्याला विचार मावशी, तो आपल्या आईला भेटायला कुठल्याही घरात शिरतो का?"

जॉर्जेतनं ते जसंच्या तसं विचारलं. पोरगा लाल झाला.

बस थांबली होती त्या फाटकापासून क्लेमान्सनं सुरुवात केली. फिलोमेन. आर्सेन. तिमोते. अकरा आणि बारा म्हणजे जुळी नीना आणि नोए, दोन दिवसांची. पण तिथं तर चांगल्या सहा फुटी माणसाचा उंचवटा! ती परत फाटकाशी गेली, दुसऱ्या ओळीनं मोजत आली. तेही जुळेना. दीड तास गेला. ऊन डोक्यावर आलं.

"तुझ्या आईला मोजता यायचं ना गं?" जॉर्जेतनं विचारलं.

"दिवसाला बाराशे नारळ मोजून फोडायची ती!"

"मग चूक तुझी. ये, पाणी पी. सणाला कबरी साफ करायला यायचो ना आम्ही बाया, तेव्हा चर्चकडून सुरुवात करायचो आणि पहिली ओळ झाली की त्या विहिरीवर बसून घोटभर पाणी प्यायचो. तुझी आई पोरांना आधी द्यायची."

क्लेमान्सचा हात ओठांपाशीच थांबला. आईचा घसा कधी कोरडा पडलाच नव्हता. मरेपर्यंत ती रोज संध्याकाळी या विहिरीवर येऊन बसत होती.

क्लेमान्स विहिरीकडे अक्षरशः धावली. चर्चच्या बाजूला, विहिरीला अगदी लागून, एकाच दगडी चौकटीत टोपलीएवढे दोन उंचवटे होते. नीना. नोए. ती चर्चच्या भिंतीपाशी गेली आणि तिथून मोठ्यानं म्हणू लागली. फिलोमेन, आर्सेन, तिमोते... प्रत्येक नावाला एक उंचवटा पुढं येत होता, जणू हाक ऐकून उठून बसत होता. बाकीच्या बाया मागून चालू लागल्या. कुणी मध्येच "अगं, ही माझी आजी!" म्हणत खाली बसे. अधिकाऱ्यानं टोपी काढून काखेत धरली होती आणि तो भराभर लिहीत होता. वारासुद्धा थांबला होता. देव इथं हिंडत असेल तर असाच हिंडत असेल.

चाळिसावं नाव झालं. पुढं उंचवटा नव्हता. चाळिसावी कबर आणि कुंपण यांच्यात हातभर जागा होती, तिथली वाळू ओंजळीसारखी किंचित खचलेली. क्लेमान्स गुडघ्यांवर बसली. क्रूस दाबला, तो कुठंही न अडता आत गेला.

निघताना बिल्ले परत घेत होते. क्लेमान्सनं स्वतःचा काढून त्या पोराच्या तळहातावर ठेवला. "सांग त्याला मावशी, इथं पाहुणा तो आहे. पण गुणी आहे."

घरी परतली त्या संध्याकाळी जपमाळ झाली. आल्सीद आपणहून येऊन शेजारी गुडघे टेकून बसला होता. बाराव्या नावाला त्यानं पाण्याचा मग तिच्या हातात दिला. एक्केचाळिसावं नाव झालं, तसं त्यानं डोळे न उघडताच विचारलं, "सगळे होते?"

"सगळे होते रे," ती म्हणाली.