धोंडीराम मिस्त्रीचं काळं बोट

धोंडीराम मिस्त्रीनं केला तेवढा अपमान माझा माझ्या सासूनंही केला नव्हता, आणि सासूनं काही कसर ठेवली नव्हती. तरी त्याचं नाव कुणी वाईट घेतलं तर मी भांडायला उठते. असा माणूस.

आमची वस्ती जोतिबाच्या डोंगराच्या मागच्या अंगाला. डांबर संपलं की पुढं दीड मैल नुसते दगड आणि तांबडी माती. त्या वाटेला चारी चाकं ओढणारी आमची जुनी पिकअपच चढते. नव्या चकचकीत गाड्या पहिल्याच वळणाला मागं सरकतात. मालकांनी ती लिलावात घेतली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. मालक दोन वर्षांमागं गेले, गाडी राहिली. दूध खाली, पेंड वर, आणि डाव्या सीटवर मी. सूनबाई नातवंडांच्या शाळेसाठी कोल्हापुरात फ्लॅटवर राहते. माझा लेक जोतीराम माझ्यापायी वस्तीवर अडकलेला. गाडी गेली की म्हशी विकायच्या, दाराला कुलूप घालायचं आणि मी त्या फ्लॅटात तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसायचं, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. मला फक्त सांगायचं बाकी होतं.

वैशाखापासून गाडीचे ब्रेक दगा द्यायला लागले. उतारावर पाय दाबला तरी गाडी आपली चाललेलीच. आणि दर खेपेला अवस झाली की दोन दिवसांत. अवसेला गाडीचं सगळं माझ्याकडं असतं. धुवायची, तेलपाणी करायचं, लिंबू-मिरची बांधायची, नारळ फोडायचा. ब्रेक जायला लागल्यावर मी ते आणखी मन लावून करू लागले. एकाची दोन लिंबं बांधली. तरी पुढच्या अवसेला पुन्हा तेच.

कोल्हापुरात तीन मिस्त्री झाले. पहिल्यानं ब्रेकचा पंप बदलला. दुसऱ्यानं चाक उघडलं, आत तेल बघितलं, ॲक्सलचं तेल अडवणारं सील गेलंय म्हणाला आणि नवं घातलं. पुढच्या महिन्यात परत घातलं. तिघंही जोतीरामशीच बोलायचे. मी तोंड उघडलं की आज्जींना सावलीत खुर्ची द्या म्हणायचे. अशा तीन खुर्च्यांवर मी तीन महिने बसले आणि मनातल्या मनात तिघांना शिव्या घातल्या. तिसऱ्यानं तर गाडीवर हात ठेवून, आता हिला निरोप द्या म्हणून सांगितलं, आणि जोतीरामच्या फोनात भंगारवाल्याचा नंबर घालून दिला. भंगारवाला रविवारी येणार होता.

जोतिबावर गुलाल-खोबरं विकणारी बनाबाई माझी जुनी मैत्रीण. तिच्यापाशी मी भडाभडा बोलले. ती म्हणाली, “शिवाजी पेठेत धोंडीराम मिस्त्री हाय. तोंड लई फाटकं. देवाला मानत न्हाय, पण हात देवाचा हाय.”

शनिवारी मी जोतीरामच्या मागं लागून गाडी तिकडं वळवायला लावली.

एका तालमीच्या मागं पत्र्याचं शेड. आत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पाने ओळीनं मांडलेले. दाराला लिंबू नाही, बिब्बा नाही. साठीचा काळा, हाडकुळा माणूस, डाव्या हाताची करंगळी अर्धी. तरुणपणी दगडाच्या खाणीवर डंपर दुरुस्त करायचा. तिथं सुटा भाग मिळायचा नाही आणि शिकवणारंही कुणी नव्हतं, म्हणून आवाजावरनं आणि वासावरनं शिकला. खाण बंद पडली तेव्हा हे शेड टाकलं. कॉम्प्युटर लावायच्या गाड्या तो दारात उभ्या करून घेत नाही. काढलेला प्रत्येक जुना भाग वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीवाल्याच्या हातात देतो, म्हणजे काय काढलं यावरनं पुढं भांडण नको. गिऱ्हाइकाला मात्र सोडत नाही. आम्ही गेलो तेव्हा एका पावण्याला ऑइल कधी बघितलं होतंस म्हणून असा झाडत होता की मला बरं वाटलं. माझी पाळी यायची होती.

त्यानं जोतीरामला विचारलं, गाडीत रोज कोण बसतं. जोतीरामनं माझ्याकडं बोट केलं. मिस्त्री सरळ माझ्यापुढं येऊन उकिडवा बसला.

“बोला आज्जी. कवा बिघडती?”

अवसेला, म्हटलं. जोतीराम हसला. मिस्त्री हसला नाही. अवसेला तुम्ही काय करता, म्हणाला. मी धुणं, लिंबू, नारळ सगळं सांगितलं. तेलाचं सांगायचं राहिलं. चूल पेटवली हे कुणी वेगळं सांगतं का, तसं.

त्यानं मागचं चाक उतरवलं, ड्रम काढला. आतले ब्रेकचे पट्टे ओले चकचकीत. सील गेलं असेल, तिसऱ्यांदा, असं जोतीराम वैतागून म्हणाला. मिस्त्रीनं ओल्यावरनं बोट फिरवलं, हुंगलं. परत हुंगलं. मग उठला आणि जोतीरामला ओलांडून ते काळं बोट माझ्या नाकाखाली धरलं.

“वास घ्या.”

मी घेतला.

“ॲक्सलमधलं तेल नासक्या अंड्यागत घाण मारतंय. ह्याला डिझेलचा वास हाय. हे आतनं गळालेलं न्हाय, भायरनं मारलंय. कोण मारतंय?”

मला हुंगल्याबरोबरच कळलं होतं. गोठ्यामागं माझा डबा असतो, इंजिनचं जुनं ऑइल आणि त्यात डिझेल. पावसापाण्यानं खालचा पत्रा खाऊ नये म्हणून मालक ते ब्रशनं लावायचे, चाकाला न शिवता. ते गेल्यावर मी लावू लागले. वैशाखात गुडघा धरला, वाकता येईना, तेव्हा फवारणीचा जुना पंप काढला आणि खालून सगळीकडं फस् करून मारायला लागले. पूजेच्या दिवशी गाडी खालूनसुद्धा कशी चमकली पाहिजे.

जोतीराम म्हणाला, हा पण थापाच मारतोय, आमच्या गाडीला कोण तेल मारणार, चल आई, उद्या भंगारवाला येतोय. मी गप्प बसले असते तर माझी अब्रू राहिली असती आणि गाडी गेली असती. मला त्या बोटाचा, त्या माणसाचा आणि स्वतःचा एकदमच राग आला.

“मीच मारते,” मी म्हटलं. “पंपानं. दर अवसेला.”

मिस्त्रीनं बोट फडक्याला पुसलं. “द्राक्षाची बाग हाय व्हय ती, फवारायला?”

शेडातले सगळे हसले. तो पावणासुद्धा, ज्यानं ऑइल बघितलं नव्हतं. माझं अंग पेटलं. पण मिस्त्री थांबला नव्हता. आवाज उतरवून म्हणाला, “चार म्हैनं तुमचं पोरगं ह्या ब्रेकवर घाट उतरतंय, आज्जी. त्यो मेला न्हाय ही त्याची हुशारी हाय. तुमच्या नारळाची न्हाय.”

 

त्यानं ड्रम धुतले, नवे पट्टे बसवले, दुसरं चाकही बघितलं. मग स्वतः गाडी जोतिबाच्या घाटात घातली, मला डाव्या सीटवर बसवून. जोतीराम मागं हौद्यात. उतारावर त्यानं कचकन पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली, मेख मारल्यासारखी. मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. परत येताना सगळी वाट जोतीरामला इंजिनाबद्दल सांगत होता, अजून दहा वर्षं मरत नाही म्हणून.

शेडात जुने पट्टे वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं माझ्याच हातात दिले. आणि वर एक रंगाचा ब्रश, त्याला वेळूची लांब काठी तारेनं आवळून बांधलेली.

“वाकायला नगं. चाकापासनं वीतभर लांब.”

घरी येताना जोतीराम डांबर संपल्यावर म्हणाला, “आई, तेलाचं सांगायचं तरी हुतंस.”

“इचारलं कुणी?” मी म्हटलं.

 गाडी दगडांतून वर चढत राहिली. वस्तीवर पोचल्यावर त्यानं भंगारवाल्याला फोन लावला, पण त्यानं उचलला नाही.

त्यामुळं रविवारी तो आलाच. एवढं दीड मैल चढून आलेल्या माणसाला रिकामं कसं पाठवायचं, म्हणून मी त्याला फवारणीचा पंप दिला. ते द्राक्षाचं मात्र मी धोंडीरामला अजून माफ केलेलं नाही.